छोट्या टीमने सिक्युरिटी टूल विकतचं घ्यावं की ओपन सोर्स?

पर्वरीला सहा जणांची टीम, हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर, आणि आता क्लायंट म्हणतोय कोडचं सिक्युरिटी स्कॅनिंग दाखवा, तर काय घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. मी फोंड्याचा, पणजीत पाटोला अशाच छोट्या कंपनीत कोड लिहितो, आमची गिऱ्हाइकंही हॉटेलवालीच. सरळ सांगतो, आधी ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं टूल लावा, आणि ते पैसे वाचतात म्हणून नाही.

आम्ही नेमकं उलटं केलं होतं. एका मोठ्या कंपनीचं टूल घेतलं, माणशी वर्षाचं लायसन्स. पहिल्याच स्कॅनला हजारावर वॉर्निंग आल्या, त्यातल्या कितीतरी टेस्टच्या फोल्डरमधल्या, जो कोड सर्व्हरवर जातच नाही. दोन दिवस सगळ्यांनी बघितलं, मग डिसेंबरचा सीझन सुरू झाला, हॉटेलवाल्यांचे फोनवर फोन, आणि तो डॅशबोर्ड परत कोणी उघडलाच नाही. पुढे मे महिन्यात मी सहज गिटलीक्स, म्हणजे कोडमध्ये राहून गेलेले पासवर्ड आणि की शोधणारं ओपन सोर्स टूल, चालवून बघितलं, तर तीन वर्षांपूर्वीच्या एका कमिटमध्ये, म्हणजे कोडच्या जतन केलेल्या बदलात, पेमेंट गेटवेची सीक्रेट की! फाइल नंतर काढून टाकली होती, पण गिट कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवतं, त्याच्या हिस्टरीत ती राहतेच ना, आणि की अजून चालू होती. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. विकतच्या टूलमध्येही हे तपासायची सोय होती, फक्त आमच्या प्लॅनमध्ये नव्हती. आधी की बदलली, मग हिस्टरी साफ केली. तुम्हीही हाच क्रम ठेवा, कारण ज्याने रेपो, म्हणजे कोडचा सगळा साठा, आधीच क्लोन म्हणजे कॉपी केलाय त्याच्याकडे ती आहेच.

तर पहिल्या आठवड्यात फक्त गिटलीक्स, प्री-कमिटला, म्हणजे बदल जतन होण्याआधी आपोआप चालेल असं. मग ट्रिव्ही, डिपेंडन्सी म्हणजे बाहेरून घेतलेल्या लायब्ररी आणि डॉकर इमेज म्हणजे सर्व्हरवर चालवायचं पॅकेज तपासायला, त्यातून एसबीओएम म्हणजे कोणती लायब्ररी कुठल्या व्हर्जनची आहे ती यादीही काढून ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत मोठी सिक्युरिटीची चूक सापडली तेव्हा ज्यांच्याकडे अशी यादी नव्हती ते एकेक प्रोजेक्ट उघडून शोधत बसले होते. मग सेमग्रेप, जे आपल्या कोडमधल्या धोक्याच्या जागा नियमांवरून शोधतं, पण मोजकेच नियम आणि फक्त नवीन बदलांवर, नाहीतर पुन्हा तोच वॉर्निंगचा डोंगर. स्टेजिंग म्हणजे चाचणीच्या साइटवर झॅप, जे चालू साइट बाहेरून हल्ला करून तपासतं, ते शेवटी.

ओपन सोर्सवाल्यांनी उद्या नियम बदलले तर, ही भीती खरी आहे. सेमग्रेपने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नियमांचं लायसन्स बदललंच, पण पुढच्याच महिन्यात काही सिक्युरिटी कंपन्यांनी मिळून ओपनग्रेप नावाने फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळी आवृत्ती, काढला. विकतच्या टूलचा भाव वाढला तर तुमच्या हातात असं काहीच नसतं.

विकतचं कधी घ्यायचं, तर एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये जाणारा डेटा तपासायचा असेल तेव्हा, फुकटचं सेमग्रेप तिथे कमी पडतं. किंवा क्लायंटच्या ऑडिटरला ठराविक रिपोर्टच हवा असेल तेव्हा. पण त्यांच्या डेमोवर जाऊ नका, ट्रायल मागा आणि स्वतःच्या रेपोवर चालवा, आपला कोड त्यांच्या सर्व्हरवर जातो का तेही विचारा. आणि त्याआधी क्लायंटला एक फोन करा, त्याला नेमका कुठला कागद हवाय ते विचारायला. आमच्या एका क्लायंटला शेवटी ट्रिव्हीचा रिपोर्ट आणि काय काय दुरुस्त केलं त्याचं एक पान एवढंच पुरलं.