पहिला वूफर बॉक्स करताय? एवढं सांभाळा

८ इंची वूफर (बास, म्हणजे जाड सूर वाजवणारा स्पीकर) आणि बंद बॉक्स घ्या. पोर्टचं, म्हणजे बॉक्सला हवेसाठी ठेवायच्या भोकाचं, गणित नंतर. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) स्वस्त, पण गोव्याच्या पावसात त्याच्या कडा फुगतात. १८ मिमी मरीन प्लाय बरा. सराउंड (कोनच्या, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेची लवचीक पट्टी) रबराचाच, फोमचा कालांतराने भुगा होतो.

जोडण्याआधी:
- बोटं कोनभोवती सारखी टेकवून हळूच दाबा. खरखर आली तर आतली तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत घासतेय. तो घेऊ नका.
- १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस, तर कोन बाहेर यावा. दोन वूफरपैकी एक उलटा जोडला की बास गायब, आणि शिव्या बिचाऱ्या अँपला!
- मल्टिमीटरवर ८ ओहमचा वूफर ६ च्या आसपास दाखवतो. तो बिघाड नव्हे.

चवथीच्या आरतीला आवाज फाटेपर्यंत चढवू नका. कॉइल त्यानेच जळते.