कॉर्नवॉलमधली धुराची चिमणी दिसली, की लगेच ‘कथिलाची खाण’ म्हणू नका

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेलच्या परिसरात पहिल्यांदाच जाताय ना? मग रानात एकटी उभी चिमणी दिसली की तिच्या पायथ्यापासून लांबट, पडक्या इमारतीचा माग काढा. तशी सापडली तर ती बहुधा चिनी माती वाळवायची भट्टी. एका टोकाला कोळशाची चूल, दुसऱ्या टोकाला चिमणी आणि मधे फरशीखालून धूर-उष्णता नेणारे बोगदे. फरशी सच्छिद्र टाइलांची असते. एखादा तुकडा दिसला तर फोटो काढा, खिशात घालू नका. मागच्या चढावर गाळ बसवायच्या दगडी टाक्या असतात, पण झुडपांत त्या पटकन दिसत नाहीत. मी दोनदा शेजारून निघून गेलो होतो! म्हणून हिवाळ्यात जा.

लांब, उथळ, समांतर पन्हळी दिसल्या तर त्यांतून मातीचं पाणी संथ सोडून त्यातलं अभ्रक खाली बसवत.

आधी व्हील मार्टिन हे चिनी मातीचं संग्रहालय बघा, म्हणजे डोळा तयार होतो. इंग्लंडमध्ये चिनी माती शोधणाऱ्या विल्यम कुकवर्दीला ही माती मिळाली ती ट्रेगॉनिंग टेकडी मात्र पार पश्चिमेला. या मातीपासून पोर्सिलेन (चिनी मातीची भांडी) बनवायचं त्याचं पेटंट १७६८ चं. पाण्याने भरलेल्या हिरव्यानिळ्या खाणींच्या काठावर जाऊ नका, कडा ढासळतात.