शिळी भाकरी चालेल का?

चिवड्याचं रिकामं पाकीट त्यांनी ज्वारीच्या डब्यामागे सारून ठेवलं होतं. तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. मुलगी अभ्यासिकेत, मालक गावाकडे. तरीही लपवलं. हे सांगताना मंगलताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत म्हणाल्या, "अकरा दिवस पाळलं मॅडम. बाराव्या दिवशी पाव किलो चिवडा एकटीनं खाल्ला. वट्ट्यापाशी उभ्याउभ्या. का करावं, माझ्यात दमच नाय."

लातुरात समुपदेशन करताना हे "दमच नाही" मी फार ऐकते. कोणी त्याला इच्छाशक्ती म्हणतं, कोणी मनाचा निग्रह. तक्रार तीच. डाएट आठ-दहा दिवस नीट चालतं, मग एका संध्याकाळी तोंड सुटतं आणि सगळं वाहून जातं. मग आपणच आपल्याला शिव्या घालत सोमवारची वाट पाहायची.

मंगलताई ४३ वर्षांच्या. अहमदपूर तालुक्यात पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मुलीला दहावीत चांगले मार्क पडले, ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला ट्यूशन लावली आणि तिला डबा करून घालायला आई दोन खोल्या भाड्याने घेऊन इथे आली. लातूर पॅटर्नबद्दल बोलताना सगळे मुलांबद्दल आणि शिक्षकांबद्दल बोलतात. गाव सोडून आलेल्या या आयांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ट्यूशन एरियातल्या कुठल्याही इमारतीचा जिना संध्याकाळी पाचला चढून पाहा. मजल्यामजल्यावर दाराशी एखादी बाई बसलेली दिसेल. हातात मोबाइल, मागे रिकामं घर. गावात पहाटेपासून खुरपणी, धारा, सरपण यांत जिचे हात गुंतलेले असायचे, तिला इथे दोन माणसांचा स्वयंपाक आणि बाकी वेळ वाट पाहणं.

सव्वा वर्षात त्यांचं वजन ६९ वरून ७८ किलो झालं. उंची पाच फूट एक इंच. गुडघे बोलू लागले. कोणीतरी मोबाइलवर डाएटचा कागद पाठवला. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, दुपारी सॅलड आणि पनीरचे चार तुकडे, संध्याकाळी ग्रीन टी, रात्री सूप. भाकरी बंद, भात बंद, शेंगदाणे बंद. मी हिशेब मांडून पाहिला, दिवसाच्या हजार कॅलरीसुद्धा भरत नव्हत्या. जन्मभर ज्वारीवर पोसलेल्या बाईला हा कागद अकरा दिवस तरी कसा झेपला, याचंच मला नवल वाटलं. मी तसं त्यांना म्हणालेही. त्यांना ते खरं वाटलं नाही.

पहिल्या भेटीत आम्ही वजनाबद्दल बोललोच नाही. आधी त्यांना रक्त तपासायला पाठवलं: थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. थायरॉइड ठीक, साखर काठावर, हिमोग्लोबिन ९.४. बाईचं ते निदान १२ असावं लागतं. म्हणजे त्यांना सतत जो थकवा वाटायचा, जो त्या गोड चहाने ढकलत होत्या, त्याला रक्तातही कारण होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. माझं म्हणणं आहे की वजनाचा कुठलाही प्रयोग या तपासण्यांच्या आधी सुरू करू नये. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता एक वेळचं जेवणही बंद करू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते.

मग त्यांना एक वही दिली. काय खाल्लं ते लिहू नका म्हटलं. किती वाजता खाल्लं, कुठे होतात, बसून की उभ्याने, आणि त्याच्या दहा मिनिटं आधी काय चाललं होतं, एवढंच लिहा.

सात दिवसांची वही उघडली तेव्हा दोन वेळा ठळक दिसल्या. साडेचार ते साडेसहा आणि रात्री साडेदहानंतर. दोन्ही वेळा ‘उभ्यानं’. सकाळची पानं जवळजवळ कोरी होती. मुलीचा डबा, नाष्टा, धुणं-भांडी. पोटात काय, तर चार कप चहा. कपाला दोन चमचे साखर धरली तर आठ चमचे, म्हणजे चाळीसेक ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. पहिलं जेवण दुपारी अडीचला, तेही सॅलडचं. ‘दहा मिनिटं आधी’च्या रकान्यात एका दिवशी लिहिलं होतं: ‘काही नाही. जिन्यात पावलं वाजली. वाटलं पोरगी आली. दुसऱ्याच कुणाची होती.’

हे वाचल्यावर मी वही थोडा वेळ मिटून ठेवली.

या बाईची दोन दुखणी होती आणि दोन्ही चिवड्याच्या पाकिटात येऊन मिसळत होती. एक खरी, पोटातली भूक. दुसरी रिकाम्या संध्याकाळची. दोघींवर औषध वेगळं. पण आधी त्या वेगळ्या ओळखता यायला हव्यात. मी त्यांना एकच प्रश्न शिकवला. काही खावंसं वाटलं की स्वतःला विचारायचं, "आत्ता शिळी भाकरी आणि चटणी चालेल का?" चालेल असं वाटलं तर ती भूक. बिनधास्त जेवायचं, घड्याळ बघायचं नाही. भाकरी नको, शेवच पाहिजे, खारीच पाहिजे, असं वाटलं तर ती तलफ. भूक हळूहळू चढते आणि मिळेल त्यावर भागते. तलफ एकदम उसळते आणि नाव घेऊन मागते.

पहिल्या आठवड्यात त्यांचं उत्तर दहातल्या सहा-सात वेळा "चालेल" असं आलं. म्हणजे ज्याला त्या जिभेचे चोचले म्हणत होत्या, ती बहुतेक वेळा सरळ उपाशी माणसाची भूक होती.

त्यांना मी मिनेसोटाची हकिकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा जेवणावर कसं आणायचं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. तरुण आपणहून आले होते. त्यांना दिवसाला साधारण १६०० कॅलरी मिळायच्या, मंगलताईंच्या कागदापेक्षा कितीतरी जास्त. काही आठवड्यांत त्या पोरांना जेवणाशिवाय दुसरं सुचेना. बोलण्यात जेवण, स्वप्नात जेवण. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटून पुसू लागले. बंधन उठल्यावर कितीही खाल्लं तरी समाधान होईना.

मंगलताई ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मी बी रात्री यूट्यूबवर गुलाबजामचे व्हिडिओ बघत बसायची मॅडम. करायची नाय, नुसतं बघायची. म्हंजी मी येडी झाले नव्हते."

भाकरी परत आली. ओळखीच्या आहारतज्ज्ञ बाईंशी बोलून साधी बसवणी केली. सकाळी साडेनऊच्या आत एक भाकरी, पालेभाजी, घट्ट वरण. दुपारी दोनला तसंच जेवण, सोबत दही. साडेचारला एका वाटीत फुटाणे-शेंगदाणे मिळून मूठभर, आणि ताक. शेंगदाणे पौष्टिक आहेत, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी भरतात, म्हणून पिशवीत हात घालायचा नाही. रात्री साडेआठला मुलीची वाट न पाहता जेवून घ्यायचं. चहाची साखर आधी दीड चमचा, मग एक.

खरा फरक मात्र तेलाने पडला. मी विचारलं, महिन्याला तेल किती लागतं? तीन किलो. खाणारी माणसं दोन. म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम, आणि ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या तर ४५० कॅलरी नुसत्या तेलाच्या. त्या कॅनमधून थेट कढईत ओतायच्या, गावाकडच्या अंदाजाने. कॅन वरच्या फळीवर गेला आणि खाली एक छोटी बरणी आणि चमचा आला. दोन महिन्यांत तेल दीड किलोवर आलं. मुलीच्या लक्षातही आलं नाही. उपाशी न राहता, कोणाला न सांगता, रोजच्या सव्वादोनशे कॅलरी कमी झाल्या. वजन कमी करायचं म्हटलं की लोक भाकरीवर राग काढतात. मी सगळ्यांना आधी तेलाचा कॅन दाखवायला सांगते.

आता तलफेचं. इथे मी घाई केली. तलफ ही वावटळीसारखी असते, पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक वेळा ओसरते, तेवढा वेळ थांबा, असं सांगून मोकळी झाले. मंगलताईंनी तसंच केलं. चिवड्याच्या डब्यासमोर बसून घड्याळ बघितलं, आणि सोळाव्या मिनिटाला नेहमीपेक्षा जास्त खाल्लं. चूक माझी होती. एखादी गोष्ट मनात आणायची नाही असं ठरवून बसलं की तीच मनात ठाण मांडते. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं आहे. मी ते वाचलेलं असूनही त्यांना डब्यासमोरून उठायला सांगायचं विसरले. वावटळ आली की शेतात आपण तिच्या तोंडाशी उभे राहत नाही, बाजूला होतो, डोळ्यांवर पदर घेतो.

बाजूला व्हायचं म्हणजे कुठे जायचं? त्यांनीच शोधलं. वरच्या मजल्यावर निलंग्याच्या एक बाई होत्या, खाली मुखेडच्या. तिघींची पोरं एकाच ट्यूशनला, आणि आठ महिन्यांत तिघींचं बोलणं पाण्याच्या टाकीपलीकडे गेलेलं नव्हतं. साडेपाचला तिघी निघू लागल्या, पायी गंजगोलाईपर्यंत, म्हणजे शहराच्या मधल्या गोल बाजारपेठेपर्यंत. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, रोज वेगळ्या रस्त्याने परतायचं असं त्यांनी ठरवून टाकलं. कधी कोथिंबिरीची जुडी, कधी नुसतंच जगदंबेचं दर्शन. वहीतला साडेचार ते साडेसहाचा रकाना महिन्याभरात जवळजवळ मोकळा झाला. चालण्याने किती कॅलरी गेल्या ते मी मोजलं नाही. जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसणं थांबलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

रात्रीचं खाणं इतक्या सहज सुटलं नाही. मुलगी साडेदहाला येऊन जेवायची, बाराएकपर्यंत वाचायची, आई जागी. तिथे एकच नियम ठेवला: जे खायचं ते ताटात वाढून, खाली बसून, मुलीसोबत. चिवडा बंद केला नाही. बुधवारी आणि रविवारी एक वाटी, ताटात. पहिल्यांदा ताटात चिवडा घेऊन बसल्या तेव्हा त्यांना रडू आलं. म्हणाल्या, "सगळ्यांला वाढून झाल्यावर मी कधी ताट घेतलंच नाय मॅडम. पातेल्यातलं पुसून खायची, नायतर पोरीच्या ताटात उरलेलं."

नवरात्रात पुन्हा घसरण झाली. नऊ दिवसांचे उपास, साबुदाणा, बटाटा, वर शेंगदाण्याचा कूट. दीड किलो वाढलं. त्या आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने, "मोडलं बगा". मला तो शब्द अडला. एकादशीला चुकून दाणा तोंडात गेला की उपास मोडतो. आपण डाएटलाही तोच न्याय लावतो. एक लाडू खाल्ला, मोडलंच आहे, मग चार खाऊ. मी विचारलं, "पेरताना तिफणीची एक ओळ वाकडी गेली तर काय करता?" त्या म्हणाल्या, "पुढली सरळ धरायची. पेरणी सोडून घरी कोण येतंय?" मला आणखी काही बोलावं लागलं नाही.

इथे एक गोष्ट काळजीने सांगते. पोट दुखेपर्यंत खाणं, हात थांबवताच न येणं, लपवून खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चाललं असेल, किंवा खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढली जात असेल, तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. मंगलताईंच्या बाबतीत मी हे नीट तपासलं होतं. त्यांचं तिथवर गेलेलं नव्हतं.

डिसेंबरात येळवस आली. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला सगळं घर शेतात जेवतं. कडब्याची कोप म्हणजे छोटी झोपडी, त्यात पांडवांची पूजा, भज्जी (पालेभाज्या आणि डाळी-शेंगांची एकत्र भाजी), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), आंबील, गव्हाची खीर. त्या दिवशी पाहुण्याला ‘नको’ म्हणता येत नाही, आणि म्हणू नये असं मलाही वाटतं. मंगलताई घाबरल्या होत्या. जाऊ म्हणणार, "पोरीपायी वाळलीस, खा की." सासू पुन्हा खीर वाढणार. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. आदल्या दिवशी उपाशी राहायचं नाही. आणि येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची भाकरी, ना कमी, ना जास्त.

जानेवारीत त्या आल्या. पाच महिन्यांत वजन ७८ वरून ७३, हिमोग्लोबिन ११.२. पाच किलो ऐकायला थोडे वाटतात. पण मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के जरी उतरलं तरी रक्तदाब आणि साखरेला फायदा होतो, आणि त्यांचे सहा टक्क्यांच्या वर उतरले होते. त्या आकड्यावर फार रेंगाळल्या नाहीत. पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आदल्या दिवशी गावाकडून आलेलं पीठ होतं, त्याचे उंडे करून आणले होते, सोबत येळवशीसारखी भज्जी.

मी डब्याकडे हात केला तसा त्यांनी तो मागे घेतला.

"असं नाय. ताट कुठंय मॅडम?"

माझ्या खोलीत ताट नव्हतं. शेजारच्या दवाखान्यातून दोन मागवली. त्यांनी दोन्हींत वाढलं, एक माझ्यासमोर ठेवलं, दुसरं स्वतः घेऊन बसल्या.