सकाळची साखर आणि डॉक्टरांसमोरची वही

प्रश्न : झोपताना साखर १४० असते आणि रात्री काहीही न खाता सकाळी १७५. ही वाढते कुठून?

उत्तर : यकृतातून. पहाटे कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन यांसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर रक्तात सोडतं. इन्शुलिन पुरेसं असलेल्याला ते जाणवतही नाही, मधुमेहात मात्र मीटरवर दिसतं. पण आपल्या मनाने गोळी वाढवू नका. दोन-तीन रात्री गजर लावून तीनला उठा, साखर बघा, आकडे डॉक्टरांना दाखवा. तीनचा आकडा ७०च्या खाली असेल, तर सकाळी मीटर काहीही दाखवो, रात्रीचं औषध जास्त होतंय. हे लगेच कळवा.

प्रश्न : तपासणीआधी चार दिवस मी कडक पथ्य करते, उपाशीपोटीची साखर छान येते. पण एचबीएवनसी ८.६ आलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प बसले.

उत्तर : तुमचा संकोच समजतो, रागावतील या भीतीने असं करणारे पुष्कळ भेटतात. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांतल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. त्यामुळे या तपासणीत दोन-तीन महिन्यांची सरासरी उमटते, चार दिवसांचं पथ्य तिला पुरत नाही. (अंगात लोह कमी असेल तर हा आकडा उगाच वर जाऊ शकतो, तेही सांगा.)

माझ्यासमोर कधी कधी अशी वही येते : महिनाभराचे आकडे एकाच पेनाने, एकाच बैठकीत उतरवलेले, सगळे ११० ते १२५. तिच्यावरून डोस कसा ठरवणार? त्यापेक्षा खाडाखोड केलेली, डाग पडलेली वही आणा. आकड्याशेजारी वेळ आणि दोन शब्द : ‘गोळी विसरले’, ‘झोप नाही’, ‘ताप’. २४०च्या शेजारी ‘ताप’ वाचला की औषध वाढवायचं की थांबून बघायचं, हे ठरवता येतं. पुढच्या भेटीत पहिलं वाक्य हेच बोला : ‘मागच्या वेळी मी खरं सांगितलं नव्हतं.’ डॉक्टरांचं काम त्यानेच सोपं होईल.

प्रश्न : ग्लिमेपिराइड घेतो. दुपारी जेवायला उशीर झाला की घाम फुटतो, हात थरथरतात. बिस्किटं खाल्ली की बरं वाटतं. एवढ्यासाठी डॉक्टरांकडे जावं का?

उत्तर : हो, आणि पुढच्या तारखेची वाट न बघता. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती बघत नाही. लक्षणं दिसताच साखर तपासा. ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. बिस्किटातल्या स्निग्ध पदार्थामुळे साखर चढायला वेळ लागतो. घरच्यांनाही सांगून ठेवा : शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

प्रश्न : आईच्या पोटावर इन्शुलिनच्या जागी मऊ गाठ आलीये. तिथे दुखत नाही म्हणून ती तिथेच टोचते. साखर कधी ८०, कधी ३००.

उत्तर : त्या चढउताराचं कारण बहुधा ती गाठच. तिथून इन्शुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी उशिरा. जागा बदलायलाच हवी, पण आधी डॉक्टरांना ती गाठ हाताने तपासू द्या आणि डोस विचारून घ्या. चांगल्या जागी तेवढंच इन्शुलिन जास्त लागू पडतं आणि साखर एकदम उतरू शकते.