थायलंडमधल्या फुकेत बेटावर घर बघताय? आधी एवढं करा

विचार छान आहे, फक्त घाई नको. जाहिरातीतले फोटो कोरड्या मोसमातले असतात. तुम्ही सप्टेंबरात जाऊन आठवडाभर भाड्याने राहा. पश्चिम किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर पाऊस, खवळलेला समुद्र आणि पोहायला मनाई करणारे लाल बावटे. तेव्हाही जागा आवडली तरच पुढे जा.

नवखे फसतात ते मालकीत. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर सहसा जमीन होत नाही. कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, होतो, तोही इमारतीत परदेशी लोकांसाठी असलेल्या ४९ टक्के क्षेत्रफळाच्या कोट्यात. तो कोटा शिल्लक आहे का, हे बयाणा देण्याआधी स्वतःच्या वकिलाकडून तपासा, बिल्डरच्या नव्हे! ‘नावापुरती कंपनी काढून बंगला घ्या’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पैसे बँकेतूनच पाठवा. भारतातून बाहेर पाठवायला माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. भाड्याच्या उत्पन्नाचं गणित नंतर बघू.