"मंद" एवढंच तर म्हणालो ना

"मॅडम, एका शब्दावरून मुलगी तीन आठवडे बोलत नाहीये माझ्याशी, मुलं इतकी हळवी का झालीयेत?" असं विचारणारे पालक माझ्याकडे खूप येतात, म्हणून ही एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मुलगी नववीत, गणितात नापास. वडिलांनी पेपर बघितला आणि काकांसमोरच म्हणाले, मंद आहे ही.

वडील मला म्हणाले, "मंद काय शिवी आहे का? आणि स्टुपिड तर मी तिला रोज म्हणतो, तेव्हा हसते की." मी तिथंच अडकले, कारण अर्थ बघायला गेलं तर दोन्ही जवळजवळ सारखेच, मग एकावर हसू आणि एकावर अबोला का? एक तर लहानपणापासून ज्या भाषेत रागावून घेतलं त्या भाषेतला शब्द जास्त आत जातो. २००३ मधे तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्लिश नंतर शिकलेल्या लोकांवर एक अभ्यास झाला होता, त्यात लहानपणी ऐकलेली रागावण्याची वाक्यं तुर्कीत ऐकवली की त्वचेवर मोजलेली प्रतिक्रिया, म्हणजे भावनेने येणारा बारीक घाम, इंग्लिशपेक्षा जास्त यायची. म्हणजे अंग आधी ऐकतं, डोकं नंतर.

पण खरं उत्तर मुलीनेच दिलं, एकटी असताना. "स्टुपिड म्हणजे मी काहीतरी चुकवलं. मंद म्हणजे मी आहेच तशी. आणि काका हसले ना."

शिवी नाही म्हणताय, पण शब्दाला शिवी आपणच करतो, हे मी वडिलांना सांगितलं. मोरॉन हा शब्द १९१० मधे गोडार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बुद्धी चाचणीतला एक गट सांगायला काढला होता, लोकांनी तो माणसं हिणवायला वापरला आणि तो शिवीच झाला. मेंटल रिटार्डेशनचं पण तेच, शेवटी २०१३ मधे डीएसएम-५ मधून, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातून, ते नाव काढून बौद्धिक अक्षमता असं केलं, आणि हिणवायचं थांबलं नाही तर हा शब्दही एक दिवस असाच टोचायला लागेल.

"मग नापास झाली तरी छान छान म्हणायचं का?" अजिबात नाही! मुलांना खोटं गोड लगेच कळतं आणि त्याने पण लागतंच, म्हणजे माझी अवस्था इतकी वाईट आहे की बाबा खरं सांगायला घाबरतात असं वाटतं त्यांना. मार्क कमी आहेत तर कमीच म्हणा, कुठलं गणित चुकलं ते बोट ठेवून दाखवा. जपून बोलायचंय ते तिच्याबद्दल, आणि चारचौघात तर दुप्पट जपून.

पुढच्या सेशनला मुलगी आली तेव्हा म्हणाली, "बाबांनी पेपर परत काढला, म्हणाले इथपर्यंत बरोबर आहे, इथून पुढे घसरलीयेस. मग म्हणाले, तो शब्द मी बोलायला नको होता, काकांना पण फोन करून सांगितलंय तसं. मी काही बोलले नाही... पण उठून पण नाही गेले."