शेजारच्या खाटेला ऐकू जातं तेव्हा

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, मी काम करते. एक काळजी इथे सतत कानावर येते: "मॅडम, डॉक्टर राऊंडला सगळ्यांसमोर विचारतात. खरं सांगितलं तर शेजारच्या खाटेला कळतं, लपवलं तर उपचार चुकतात. करायचं काय?"

एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. टीबीचं निदान होऊन त्या महिला वॉर्डात दाखल झाल्या. शेजारच्या खाटेवर सासरच्याच गावची बाई, सोबतीला सासूबाई. राऊंडला डॉक्टरांनी विचारलं, "रोजच्या काही गोळ्या चालू आहेत का?" ताई म्हणाल्या, "नाही." केसपेपरवर तशी नोंद झाली.

टीबीच्या रुग्णांना एचआयव्ही तपासणी सुचवली जाते, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. सासूबाईंना बाहेर बाकावर बसवून मी दार लावलं. ताईंनी पिशवीतून कॅल्शियमची डबी काढून टेबलावर ठेवली. आत एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या होत्या. कित्येक वर्षं त्या नेमाने घेत होत्या. नवऱ्याला ठाऊक होतं, घरात बाकी कुणालाच नाही.

त्या गोळीत डोल्युटेग्राव्हिर नावाचं औषध असतं. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन त्याचं रक्तातलं प्रमाण घटवतं, म्हणून रोजच्या गोळीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी द्यावी लागते. ती मिळाली नसती तर इतकी वर्षं दाबून ठेवलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढू शकला असता. ताई खोटं बोलल्या असं मी मुळीच म्हणणार नाही. त्या खाटेवर त्यांना दुसरं उत्तरच नव्हतं. वॉर्डात पडदा ओढला की सगळे निश्चिंत होतात, पण पडद्याआडचं बोलणं चार खाटांपर्यंत स्वच्छ ऐकू येतं.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासाने सांगितलेली एचआयव्हीची माहिती रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. उपचारासाठी गरजेचं असेल तर एक डॉक्टर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला सांगू शकतो. तरीही मी ताईंना विचारलं, "डॉक्टरांना मी सांगू, की तुम्ही सांगाल?" त्या म्हणाल्या, "तुम्ही सोबत राहा, मी सांगते." सिस्टरांनी त्यांना ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. पाच मिनिटांत बोलणं झालं आणि संध्याकाळची गोळी सुरू झाली. "सासूबाईंनी विचारलं तर?" ही त्यांची पुढची धास्ती. "डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी दिलीय" एवढं उत्तर पुरतं आणि ते खरंही आहे.

तुमच्यावर अशी वेळ आली तर "नाही" म्हणू नका. "नंतर सांगते" म्हणा. डॉक्टरांना तेवढा इशारा पुरतो, शेजारच्या खाटेला त्यातून काही कळत नाही. मग सिस्टरांना सांगा, "मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय." कारण द्यायची गरज नाही. आधीचं गर्भपाताचं औषध, मानसिक आजाराच्या गोळ्या, दारू, घरातली मारहाण, यांतलं काहीही सांगायचं असलं तरी हेच करा.

डॉक्टर-सिस्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. झोप, भूक, दुखणं खाटेशी जरूर विचारा. बाकीचं विचारायला खोली शोधा. खोली नसेल तर नातेवाइकांना बाहेर पाठवून आवाज खाली आणा. केसपेपर खाटेच्या पायथ्याशी न लटकवता सिस्टरांच्या टेबलावर ठेवा.

आणि इतकं करूनही एचआयव्हीची माहिती कुणी फोडलीच तर लेखी तक्रार करा. २० किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या आरोग्य संस्थेत या कायद्याखाली तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यांचं नाव रुग्णालयाच्या कार्यालयात विचारा. अर्ज लिहायला कुणी सोबत हवं असेल तर आयसीटीसीच्या समुपदेशकाकडे या.